सैनिकांनी खोदलेला रस्ता
ऑस्ट्रेलियातल्या ग्रेट ओशन रोडवर कॅम्परव्हॅन घेऊन निघालात, तर घाई करू नका. ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान लागते, तिथे उतराच. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात, कुदळ-फावड्यांनी कडे फोडून हा रस्ता काढला. न परतलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. केवढी मोठी माया ही! पुढे पोर्ट कॅम्पबेलजवळ चुनखडीचे सुळके समुद्रात उभे दिसतात. लाटा त्यांचा पाया सतत कुरतडतात. २००५ मध्ये एक सुळका बघता बघता कोसळला. मेलबर्नहून एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ. मला विचाराल, तर जवळपासच्या तळावर व्हॅनमध्येच मुक्काम करावा आणि सकाळच्या कोवळ्या उन्हात ते सुळके डोळे भरून पाहावेत.