पाण्याची वाटणी

वसमत तालुक्यातल्या ओळखीच्या एका घरात माठाशेजारी स्टीलचा एक तांब्या वेगळा असतो. घरधनीण सकाळी तो मापून भरते. नवऱ्याने चहा घेतला की तेवढं पाणी तांब्यातून ओतून टाकायचं. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसवरच्या माणसाला लघवी होते तेवढं आणि वर साधारण अर्धा लिटर, इतकंच पाणी चालतं. मग मराठवाड्यातला एप्रिल असो नाहीतर मे.

सुरुवातीला ती त्याच्यासमोर पाणीच प्यायची नाही. चुलीमागे जाऊन गटागटा पिऊन यायची. एक दिवस तो म्हणाला, "तू म्होरं बसून पी. लपून पितीस तवा मला जास्तच तहान लागती." तेव्हापासून ती समोर बसून पिते.

तिच्या त्या लपून पिण्याचं आपण कौतुक केलं असतं. आपल्याकडे त्याला 'सेवा' म्हणतात, आणि या शब्दाबद्दलच माझी तक्रार आहे. सेवेत एकजण कायमचा देणारा होतो आणि दुसरा कायमचा घेणारा. आजारी माणूस आधी शरीराने पडतो. घरातल्या वाट्याचं काम काढून घेतलं की मनानेही पडतो. या घरात तसं झालं नाही, कारण शेतातली हळद कुणासाठी थांबत नाही. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिससाठी रक्तवाहिनी जोडलेल्या, हाताने ओझं उचलायचं नसतं, म्हणून हंगामात तो सावलीत पोत्यावर बसून गड्डे एकीकडे, हळकुंडं एकीकडे करतो. हे एरवी बायांचं काम. मजुरीचा हिशेबही त्याच्याच वहीत असतो. पूर्वी वही ती बघायची.

आठवड्यातून तीनदा नांदेड. चाळीस-एक किलोमीटर जायचं, चार तास मशीनवर, मग परत. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. बुडालेली मजुरी बसत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेवढाच आधार. पण या फेऱ्यांतली दुसरी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. सासूसासरे, दीर, पोरं यांच्या गराड्यात वीस वर्षं संसार केलेलं हे जोडपं एका बाकावर शेजारी बसून इतका वेळ बोललं ते बसमध्येच. तोवर दोघांचं बोलणं म्हणजे 'जेवायला वाढू का' आणि 'बैल बांधले का'.

ती कुरकुरतेही. बटाटा चिरून पाण्यात भिजवा, ते पाणी ओता, पुन्हा उकळा. त्याला वेगळं आळणी कालवण, बाकीच्यांना वेगळं. "कटाळा आला बाई मला," असं ती त्याच्यासमोरच म्हणते. मला ते बरं वाटतं. वसमतच्याच हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीच्या संत नामदेवांची बायको राजाई आठवते. तिच्या नावावरच्या अभंगांत ती थेट रखुमाईकडे नवऱ्याचं गाऱ्हाणं मांडते, आणि ते गाऱ्हाणं आपल्या परंपरेने गाथेत जपलं. आजारपणातल्या बायकोला मात्र आपण हूं की चूं करू देत नाही.

आणि आजारी ती असती तर? हा प्रश्न टाळून या जोडप्याचे गोडवे गाणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९९५ ते २०२१ या काळात देशात ३६,६४० अवयव प्रत्यारोपणं झाली. त्यांत अवयव मिळालेल्या बायका ६,९४५. जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत मात्र पाचात चार बायकाच. बाई आजारी पडली की पुष्कळ घरांत पहिला विचार माहेरी धाडायचा होतो. म्हणजे वाटणी आपल्याला करता येते, पण नवऱ्याच्या दुखण्यापुरती. ती आजारी असती तर, हे मी त्याला विचारलं. तो बराच वेळ हळकुंडं मोडत राहिला. मग म्हणाला, "भाकरी तर येत न्हाई मला." ती आतून ओरडली, "शिका की मग!"

रात्री निजण्याआधी ती त्याच्या डाव्या मनगटावर दोन बोटं ठेवते. फिस्टुला चालू असला की कातडीखाली बारीक थरथर लागते; डॉक्टरांनी ती रोज बघायला सांगितली आहे. खरं तर हे तो स्वतःच्या उजव्या हाताने बघू शकतो. ती म्हणते, "भुणभुणतंय," आणि दिवा मालवते.