दार उघडायचं कुणी?

‘एवढं काय घाबरायचं, गेमच तर आहे!’ हे वाक्य हेडफोन लावून खेळणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. स्क्रीनवरचा राक्षस खोटा आहे आणि ते तुला ठाऊक आहे, मग तळहाताला घाम कशाचा, एवढंच त्याला विचारायचं असतं. गंमत म्हणजे हाच प्रश्न तत्त्वज्ञांनीही अगदी गंभीरपणे विचारलेला आहे.

केंडल वॉल्टन या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७८ साली एका निबंधात चार्ल्स नावाचा काल्पनिक प्रेक्षक उभा केला. चार्ल्स भयपट बघतोय. पडद्यावर एक हिरवा, बुळबुळीत लगदा पसरत थेट कॅमेऱ्याच्या दिशेने येतो. चार्ल्स किंचाळतो, खुर्ची घट्ट धरतो आणि नंतर सांगतो की जाम घाबरलो होतो. वॉल्टन म्हणतो, नाही. खरंच घाबरला असता तर उठून पळाला असता, पोलिसांना फोन केला असता. छातीची धडधड खरी, पण ती भीतीसारखी काहीतरी, भीती नव्हे. चार्ल्स एका लुटुपुटूच्या खेळात सामील झालाय आणि त्या खेळापुरता घाबरलाय.

सिनेमापुरता मला हा युक्तिवाद पटतो. गेमला लावला की अडखळतो, कारण चार्ल्स खुर्चीतून हलत नाही आणि मी मात्र पळते.

‘एलियन: आयसोलेशन’ हा २०१४चा गेम घ्या. मोडकळीला आलेलं अवकाशस्थानक, त्यात मोकाट फिरणारा एक प्राणी, आणि तो गोळ्यांनी मरत नाही. तुम्ही लॉकरमध्ये लपता, तो बाहेर घुटमळतो, आणि तुम्ही बटण दाबून श्वास रोखता. (त्या वेळी आपला खरा श्वासही अडकलेला असतो, हे खेळलेल्यांना सांगायला नको.) मनात येईल तेव्हा गेम सेव्ह करता येत नाही. त्यासाठी भिंतीवरच्या यंत्रापर्यंत जावं लागतं आणि तिथेही काही सेकंद ताटकळावं लागतं. त्या सेकंदांत मागून पकडले गेलात की अर्ध्या तासाची मेहनत पाण्यात. हे नुकसान लुटुपुटूचं नाही. आणि मेल्यावर आपण ‘ती मेली’ असं म्हणत नाही. ‘मेले!’ म्हणतो.

आपल्याकडे अभिनवगुप्ताने हजारेक वर्षांपूर्वी भयानक रसाचं उदाहरण म्हणून ‘शाकुंतला’तलं हरीण घेतलं. दुष्यंताचा रथ मागे लागलाय आणि ते मान वळवून बघत पळतंय. प्रेक्षकाला त्या वेळी जाणवते ती भीती ‘माझी’ नसते, ‘त्याची’ही नसते, माझं-तुझं गळून पडलेली नुसती भीती असते, म्हणून तिचा आस्वाद घेता येतो. ‘मी’ मध्ये कडमडला की रसात विघ्न आलंच. आता कल्पना करा, हरणाला कुठे वळवायचं हे प्रेक्षकानेच ठरवायचं आहे. झाडीत शिरायचं की उघड्यावर पळायचं? चूक झाली तर बाण. मोठ्या कष्टाने बाहेर ठेवलेला ‘मी’ धावत परत आत येतो.

सिनेमातली बाई तळघराचं दार उघडायला निघते तेव्हा आपण ‘नको, नको’ करतो आणि ती उघडतेच. सिनेमा आपल्यासाठी थांबत नाही. गेममध्ये मात्र तुम्ही तासभर उभे राहिलात तरी दार बंदच राहील. माझा अंगठा पुढे सरकल्याशिवाय ते उघडणार नाही, आणि अंगठा सरकवणारी मीच. सार्त्रने कड्यावर उभ्या असलेल्या माणसाबद्दल एक फरक केला होता: पाय घसरेल ही झाली भीती, पण आपण आपणहून उडी तर मारणार नाही ना, ही धास्ती वेगळी. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या टोकाशी पोटावर झोपून खाली बघताना ज्यांनी दगड जरा जास्तच घट्ट धरलाय, त्यांना हे कळेल. गेममधली भीती मला या दुसऱ्या जातीची वाटते. राक्षस खोटा असेल, पण पुढे जाण्याचा निर्णय खोटा नाही. म्हणून ‘गेमच तर आहे’ म्हटल्याने घाम थांबत नाही.

आणि राक्षसच नसेल तर? माझा मावसभाऊ अकरावीत आहे, फोनवर बॅटल रॉयल खेळतो. एकटा असला की निशाणा उत्तम. पण चौघांच्या स्क्वाडमध्ये तो सुरुवातीलाच कुठेतरी घुसून मरतो. मी कारण विचारलं तर म्हणाला, “ताई, शेवटी एकटा उरलो की तिघं माझी स्क्रीन बघत बसतात. त्यापेक्षा आधी मेलेलं बरं.”

वॉल्टनचा चार्ल्स इथे काही कामाचा नाही. बंदूक खोटी, पण तीन मित्रांच्या नजरा खऱ्या. उद्या कॉलेजच्या कँटीनमध्ये होणारी चेष्टाही खरी. अनोळखी लोकांबरोबर खेळताना मी स्वतः माइक बंद ठेवते. मुलीचा आवाज ऐकल्यावर काय सुरू होतं ते खेळणाऱ्या मुलींना विचारा. ही भीती गेमची नव्हेच. ती आपण गेममध्ये घेऊन येतो आणि तिथे तिला पॉज बटण नसतं. ‘गेमच तर आहे’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथे, कारण बहुतेक वेळा ते त्या तिघांपैकीच कुणीतरी म्हणत असतो.

त्या मानाने गेम बनवणारे जास्त समंजस निघाले. ‘ग्राउंडेड’मध्ये मुंगीएवढी झालेली मुलं परसातल्या गवतात फिरतात आणि तिथला कोळी घराएवढा दिसतो. ज्यांना कोळ्यांची फार भीती वाटते त्यांच्यासाठी सेटिंगमध्ये एक पट्टी आहे. ती सरकवत नेली की कोळ्याचे पाय नाहीसे होत जातात आणि शेवटी नुसता एक गोळा उरतो. ही पळवाट आहे, असं म्हणणारे खेळाडू असतात. मला तसं वाटत नाही. तो गोळाही तितकाच जोरात चावतो आणि त्याच्या बिळात शिरायचं की नाही, हे अजूनही तुम्हालाच ठरवावं लागतं. स्क्वाडसाठी अशी पट्टी अजून कुणी बनवलेली नाही. मावसभावाला मी विचारलं, तिघांना सांगून बघितलंस का, की बघताना गप्प बसा. तो म्हणाला, “ते बोलायचीच जास्त भीती वाटते.”