पापणीचे ऑपरेशन : उपचार कुठे संपतो, हौस कुठे सुरू होते?

पापणीची कातडी अंगावरच्या साऱ्या कातडीत पातळ असते. तिची जाडी एक मिलिमीटरही भरत नाही. वय वाढते तशी ती सैल पडते, आतला पडदा ढिला होतो, डोळ्याभोवतीची चरबी पुढे येते आणि खालच्या बाजूला पिशव्या दिसू लागतात. जादा कातडी कापायची, गरज पडल्यास थोडी चरबी काढायची किंवा सरकवायची आणि बारीक टाके घालायचे, हे झाले पापणीचे ऑपरेशन. डॉक्टर त्याला ब्लेफेरोप्लास्टी म्हणतात. बहुतेक वेळा तेवढ्या भागापुरती भूल देऊन ते तास-दोन तासांत उरकते आणि माणूस त्याच दिवशी घरी जातो. काम छोटे आहे, पण त्यामागचा प्रश्न छोटा नाही. मिळालेला देह दुरुस्त करणे वेगळे आणि तो मनासारखा करून घेणे वेगळे, असे मानायचे का? मानले, तर दोहोंमधली रेघ कोणी ओढायची?

भारताच्या करकायद्याने ती ओढून ठेवली आहे. आरोग्यसेवेला जीएसटीतून सूट आहे, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरी त्या सवलतीत बसत नाही. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यांमुळे बिघडलेला अवयव वा त्याचे काम पूर्ववत करण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया एवढाच त्याला अपवाद. आरोग्यविम्याच्या पॉलिसीतही साधारण हाच हिशेब असतो: अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना चालते, वैद्यकीय गरज सिद्ध झाली तर चालते, नुसते रूप सुधारायचे असेल तर पैसे खिशातून. करकायद्याच्या यादीत म्हातारपणाचे नाव नाही. सत्तरीतल्या माणसाची पापणी बाहुलीवर उतरली आणि त्याला दुकानाची पाटी वाचायला हनुवटी वर करावी लागू लागली, तर तो दोष ना जन्मजात ना अपघाती. मग गरज सिद्ध करायला दृष्टिक्षेत्राची तपासणी होते. एकदा पापणी आहे तशी ठेवून आणि एकदा चिकटपट्टीने वर धरून. दोन आलेखांत पडलेला फरक हा पुरावा.

म्हातारपण हा रोग आहे की नाही, यावर सुश्रुतसंहितेने पहिल्याच अध्यायात भूमिका घेतली आहे. तिथे व्याधींचे चार वर्ग आहेत: आगंतुक, शारीर, मानस आणि स्वाभाविक. स्वाभाविकांत भूक, तहान, जरा, मृत्यू आणि झोप यांची गणना होते. जरा ही पीडा खरी, पण ती भुकेच्या पंक्तीला बसलेली. तिच्यावर उपाय करायला हरकत नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन हे अंग त्यासाठीच आहे. मात्र उपायाने ती कायमची जाईल, असे कोणी समजू नये. आजच्या रुग्णालाही हे लागू पडते. वरच्या पापणीचा परिणाम बरीच वर्षे टिकतो, तरी कातडी सैल होण्याचे थांबत नाही आणि भुवई खाली येतच राहते.

याच ग्रंथाच्या उत्तरतंत्रात पापणीच्या शस्त्रकर्माचे वर्णन आहे. पक्ष्मकोप या विकारात पापणीचे केस आत वळून बुबुळाला टोचतात. त्यावर सांगितलेली रीत अशी: भुवईखालचे दोन भाग आणि केसांलगतचा एक भाग राखून मधली जवाच्या आकाराची कातडी आडवी काढायची, केसाने शिवायचे, मध-तूप लावायचे, कपाळावर पट्टी बांधून टाक्यांची टोके तिला अडकवायची. राखायच्या भागाचे माप आधी दिले आहे, कापायचे नंतर. आजचा सर्जनही आधी हेच मोजतो: भुवई आणि पापणीचे केस यांच्यामध्ये साधारण 20 मिलिमीटर कातडी उरली पाहिजे. एवढी उरली नाही तर डोळा मिटत नाही.

पक्ष्मकोपाचे हे कर्म रूपासाठी नव्हते. त्यावरून सुश्रुताला रूपाचे वावडे होते असे म्हणावे, तर कान टोचण्याचा हेतू त्याने रक्षण आणि भूषण असा दुहेरी सांगितला आहे, आणि फाटलेली कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत. दागिन्याच्या वजनाने फाटलेली पाळी शिवणे हा उपचार की शृंगार, असा प्रश्न त्याला पडलेला दिसत नाही.

इतर परंपरांना तो पडला, आणि त्याचे मूळ एका वेगळ्या प्रश्नात आहे: देह कोणाचा? इस्लाममध्ये तो अल्लाहची निर्मिती. कुराणाच्या चौथ्या सुरेत ती बदलण्याची प्रेरणा सैतानाची म्हटली आहे, आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला विरोध करताना धर्मशास्त्री या आयतीकडे बोट दाखवतात. दुसरीकडे पैगंबरांच्या अरफजा या सहकाऱ्याची हदीस आहे. कुलाबच्या लढाईत त्याचे नाक गेले. त्याने चांदीचे बसवले, त्याला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा पैगंबरांनी त्याला सोन्याचे बसवायला सांगितले. एरवी पुरुषाला सोने वर्ज्य, तरीही. यावरून दोष दूर करणे चालते, धडधाकट घडण बदलणे चालत नाही, असा दंडक निघाला. नजर अडवणारी पापणी त्यात सहज बसते. डोळ्याखालच्या पिशव्यांवर मात्र वाद होऊ शकतो. ज्यू धर्मशास्त्रात स्वतःला जखम करणे निषिद्ध आहे. तरीही न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी 1964 मध्ये लग्नाच्या वयाच्या एका मुलीला रूप सुधारण्याच्या शस्त्रक्रियेची मुभा दिली, कारण ही जखम अपमानासाठी नसून तिच्या भल्यासाठी होती. जेरुसलेमचे रब्बी वाल्डेनबर्ग यांना ते मान्य नव्हते. कॅथलिक बाजूने पोप बारावे पायस ऑक्टोबर 1958 मध्ये, मृत्यूच्या अवघे काही दिवस आधी, इटलीतल्या प्लास्टिक सर्जनांपुढे याच विषयावर बोलले. शस्त्रक्रिया स्वतः चांगली वा वाईट नसते. हेतू, परिस्थिती आणि पत्करलेला धोका यांवर ते ठरते, असा त्यांचा सूर होता.

या प्रश्नाची सर्वांत गुंतागुंतीची कहाणी कोरियात घडली. कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या ‘शिआओचिंग’ या ग्रंथाच्या आरंभी म्हटले आहे की शरीर, केस आणि कातडी आईवडिलांकडून मिळालेली असते आणि त्यांना इजा न करणे ही पितृभक्तीची सुरुवात होय. 1895 मध्ये पुरुषांनी डोक्यावरची केसांची गाठ कापावी असा सरकारी हुकूम निघाला, तेव्हा विद्वानांनी हेच वचन पुढे करून कडवा विरोध केला आणि बंडेही झाली. केसांवरून बंड करणाऱ्या या समाजात शंभर वर्षांच्या आत पापणीवर घडी पाडण्याचे ऑपरेशन सर्वसामान्य झाले. पूर्व आशियातल्या अनेकांच्या वरच्या पापणीला घडी नसते. ती पाडण्याच्या शस्त्रक्रियेची पहिली नोंद जपानमध्ये मिकामो या डॉक्टरांची, 1896 सालची. कोरियात अमेरिकी सर्जन राल्फ मिलार्ड यांनी कोरियन युद्धानंतर, 1950 च्या दशकात ही ऑपरेशने केली. आज तिथे कॉलेज-प्रवेशाची परीक्षा संपली की आईवडीलच मुलीला हे ऑपरेशन भेट देतात, हे नवलाचे राहिलेले नाही. देह आईबापांचा म्हणून त्याला हात लावायचा नाही, हा नियम होता. आता हात लावण्याचा खर्च आईबापच करतात. मुलीच्या भल्याची चिंता दोन्हीकडे आहे. हौस म्हणून जिला हसले जाते तिच्यामागे पुष्कळदा नोकरीच्या अर्जावर लावायचा फोटो असतो. हेतू कोणाचा, हे विचारल्याशिवाय हेतू शुद्ध की अशुद्ध हे ठरवता येत नाही.

भारतीय विचाराने या बाबतीत दोन्ही टोके जवळ ठेवली. गीतेने देहाला वस्त्र म्हटले. जुने वस्त्र टाकायचेच असेल तर त्याला ठिगळ कशाला, असा अर्थ वैराग्याच्या बाजूने काढता येतो. अंगावर आहे तोवर वस्त्र नीट का ठेवू नये, असाही काढता येतो. संतांनी देहाच्या नश्वरतेवर अभंगांमागून अभंग रचले, तरी पंढरीच्या विठ्ठलाचा शृंगार रोज होतोच. या परंपरेत स्पष्ट बंदी शोधणाऱ्याला ती सापडणार नाही, आणि स्पष्ट परवानगीही नाही. निर्णय ज्याचा त्याच्यावर येतो.

असा निर्णय घेताना पापणी कशासाठी असते ते पाहणे उपयोगाचे ठरते. महाभारताच्या वनपर्वात दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नलाचे रूप घेऊन बसतात. पाच सारख्या पुरुषांतून तिला खरा नल ओळखू येतो, कारण देवांना घाम नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला टेकत नाहीत आणि डोळ्यांची उघडझाप होत नाही. ज्याचे डोळे मिटतात तो माणूस. नेत्रवैद्यकही याच मुद्द्यावर आग्रही आहे. उघडझापीने अश्रूंचा थर बुबुळावर पसरतो. झोपेत डोळा पुरता मिटला नाही तर बुबुळ कोरडे पडते, त्यावर व्रण होऊ शकतो. कातडी किती काढली यापेक्षा किती ठेवली हे म्हणूनच महत्त्वाचे. थोडी कमी काढली तर पुन्हा काढता येते. जास्त काढली तर भरपाईसाठी दुसरीकडची कातडी आणून लावावी लागते.

यासाठी ऑपरेशनच्या आधी डोळ्यांचा कोरडेपणा तपासतात, थायरॉइडचा आजार विचारतात, पूर्वी लेसिक झाले आहे का ते पाहतात. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यांसारख्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल आपणहून सांगणे ही रुग्णाची जबाबदारी; हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या परस्पर बंद करायच्या नसतात. सर्वांत गंभीर धोका डोळ्यामागे रक्तस्राव होण्याचा. तो साधारण दोन हजारांत एकाला होतो आणि त्यातून कायमची नजर जाणे त्याहूनही पुष्कळ विरळा. पण घरी आल्यावर एकाएकी तीव्र कळ आली, डोळा पुढे आला, दिसणे कमी झाले तर सकाळची वाट न पाहता तडक दवाखाना गाठायचा असतो. सूज आणि काळेनिळेपणा आठवडा-दोन आठवडे राहतो, टाके पाच-सात दिवसांनी निघतात, व्रण मुरायला काही महिने जातात. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होत नाहीत. त्या आधीही नव्हत्या, फक्त आरशात तितक्या बारकाईने पाहिले नव्हते.

पापणी खाली येण्याचे प्रत्येक कारण कातडीत नसते. वर उचलणारा स्नायू दुबळा असेल तर ऑपरेशन त्या स्नायूचे करावे लागते. भुवई उतरली असेल तर नुसती पापणी कापून चेहरा अधिकच थकलेला दिसू शकतो. संध्याकाळी जास्त उतरणारी पापणी मायस्थेनिया या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराची खूण असू शकते. एकाएकी उतरलेली पापणी, त्यात दुहेरी दिसणे किंवा एक बाहुली मोठी दिसणे, हे सौंदर्याचे प्रकरण नसून तातडीच्या तपासणीचे आहे. लहान मुलाची बाहुली जन्मतः झाकलेली असेल तर वयात येईपर्यंत थांबण्याचा सल्ला ऐकू नये, कारण न वापरलेला डोळा आळशी होतो. काळी वर्तुळे आणि डोळ्याच्या कोपऱ्यातल्या सुरकुत्या या ऑपरेशनने जात नाहीत. चेहऱ्याचा एखादा बारीक दोष दिवसभर मनातून हलतच नसेल, तर आधी मनाच्या डॉक्टरांना भेटणे बरे. अशा अवस्थेत ऑपरेशन चांगले होऊनही समाधान सहसा लाभत नाही.

समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये सांगितले की संमती देण्यापूर्वी रुग्णाला उपचाराचे स्वरूप, धोके, पर्याय आणि उपचार न केल्यास काय होईल याची पुरेशी माहिती मिळाली पाहिजे. एका शस्त्रकर्माची संमती ही दुसऱ्याची संमती होत नाही. वरच्या पापणीवर सही केली म्हणून खालचीही उरकून टाकता येत नाही. संमतिपत्र ऑपरेशनच्या टेबलावर नव्हे, काही दिवस आधी घरी आणून वाचावे. आणि केवळ रूपासाठीच्या ऑपरेशनात शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते: न केल्यास काहीही बिघडत नाही. ते उत्तर डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यानंतरही करावेसे वाटले, तर करावे.