ईसीएमला इंजिन दिसत नाही

गाडीत डॅशबोर्डच्या आड किंवा बॉनेटखाली बॅटरीशेजारी ॲल्युमिनियमचा एक बंद डबा असतो. गॅरेजमध्ये त्याला ईसीएम म्हणतात, कुणी ईसीयू. डिझेल किती सोडायचं, कोणत्या क्षणी सोडायचं, टर्बोने हवा किती दाबायची, हे सगळं तो ठरवतो. पण इंजिन त्याने कधीच पाहिलेलं नसतं. त्याच्यापर्यंत पोचतात ते सेन्सरचे विजेचे इशारे. बऱ्याच सेन्सरना तो स्वतःच 5 व्होल्ट पुरवतो आणि त्यातले परत किती आले यावरून पाणी किती तापलं, इनटेकमध्ये दाब किती, हे समजून घेतो. उंदराने वायर कुरतडली किंवा अर्थिंगचा बोल्ट गंजला की आकडा बदलतो, आणि आकडा बदलला की त्याच्या लेखी इंजिनच बदललेलं असतं.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे पिकाच्या पैसेवारीवरून लगेच उमगेल. जिल्हा कचेरीला प्रत्येक शेत दिसत नाही. गावोगावहून आलेल्या आकड्यांवर पैसेवारी ठरते आणि ती पन्नास पैशांच्या आत की बाहेर, यावर टंचाईच्या सवलती. आकडाच चुकला तर निर्णय नियमाला धरून होतो आणि शिवाराला लागू पडत नाही. ‘ईसीएम गेला’ असं आपण म्हणतो तेव्हाही पुष्कळदा तो गेलेला नसतो. चुकीच्या माहितीवर त्याने बरोबर हिशेब केलेला असतो.

डिझेल गाडीतल्या एअर-फ्लो सेन्सरचंच बघा. एअर फिल्टरच्या पुढे, हवेच्या वाटेत, तापवलेली एक पातळ पट्टी असते. हवा जितकी जास्त जाईल तितकी ती गार होते. ती तापती ठेवायला किती वीज लागली, हेच हवेचं माप. आता परभणी जिल्ह्यात जिंतूर-सेलूकडच्या कच्च्या रस्त्यांवर उन्हाळाभर फिरणारी गाडी घ्या. फिल्टर हलक्या प्रतीचा असेल किंवा नीट बसला नसेल, तर काळ्या मातीची बारीक धूळ पट्टीवर चढते. धुळीच्या थराआड पट्टी कमी गार होते आणि हवा कमी आल्याची खबर आत जाते. ईसीएममध्ये एक तक्ता असा असतो की अमुक हवेला जास्तीत जास्त इतकंच डिझेल, नाहीतर काळा धूर निघेल. तो तक्ता पाळून ईसीएम डिझेल कापतो. गाडीचा पिकअप मरतो. मग इंजेक्टर बदलले जातात, पंप उतरवला जातो, टर्बोवर संशय जातो. हजारो रुपये जातात आणि पट्टी तशीच मळलेली राहते.

पण हाच कमी आकडा कधी खराही असतो. ईजीआर व्हॉल्व्ह उघडा अडकला की सायलेन्सरकडे जाणारा धूर परत इंजिनात शिरून जागा अडवतो आणि ताजी हवा खरोखरच कमी येते. याउलट टर्बोनंतरचा पाइप फाटला, तर सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच निसटते; आकडा खऱ्यापेक्षा मोठा ठरतो आणि गाडी काळा धूर ओकते. स्कॅनरवर या सेन्सरच्या नावाचा पी0101 कोड दिसला म्हणून सेन्सर खराब, असा अर्थ होत नाही. कोड ही तक्रार आहे, निदान नव्हे. ती पुसून टाकणं म्हणजे दुरुस्ती नाही, हे गाडीमालकांनीही लक्षात ठेवलं पाहिजे.

सेन्सर म्हणजे ईसीएमचे साक्षीदार; ते खरे बोलतात का, हे पाहायची एक बिनखर्ची रीत आहे. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीची चावी सकाळी फक्त ऑन करायची, इंजिन सुरू करायचं नाही, आणि स्कॅनरवर चालू आकडे वाचायचे. पाण्याचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं हवं. इनटेकचा दाब बाहेरच्या हवेइतका हवा. परभणी समुद्रसपाटीपासून साधारण 400 मीटरवर, म्हणजे सुमारे 96 किलोपास्कल. एखादा आकडा फटकून असेल तर शोध तिथून सुरू करावा.

रिमॅपचा विषयही इथेच येतो. सप्टेंबर 2018 मध्ये परभणीत पेट्रोलने लिटरला नव्वदी ओलांडली तेव्हा शहराचं नाव देशभर गाजलं. अशा ठिकाणी एव्हरेज वाढवून देतो म्हणणाऱ्याकडे माणूस वळणारच. रिमॅप म्हणजे ईसीएममधले तक्ते बदलणं. मूळ फाइल वाचायची, डिझेलचे, टर्बोच्या दाबाचे, टॉर्कच्या मर्यादेचे आकडे बदलायचे, बेरजेची पडताळणी जुळवायची आणि फाइल परत लिहायची. लिहिताना बॅटरी बसली तर ईसीएम मध्येच मरतो, म्हणून चार्जर जोडलेला हवा.

रांजणगावच्या फियाट कारखान्यात बनलेलं 1.3 लिटरचं मल्टिजेट इंजिन काही गाड्यांत 75 अश्वशक्तीचं होतं, काहींत 90 च्या आसपासचं. हे ऐकून वाटतं, फरक फाइलचाच असेल. तसं नाही, जास्त ताकदीच्या इंजिनाला टर्बोही निराळा होता. तक्त्यात 90 लिहिल्याने 75 वाल्याचा टर्बो बदलत नाही. शिवाय 45 अंशांची हवा 20 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे 8 टक्क्यांनी विरळ असते. थंड मुलखात जमवलेली फाइल मे महिन्यात इथे चालवली, तर तोच दाब गाठायला टर्बोला जास्त वेगाने फिरावं लागतं. आणि धुळकट सेन्सरच्या गाडीवर रिमॅप करणं म्हणजे खोट्या आकड्यावर नवा हिशेब मांडणं. आधी आकडे खरे करावेत. मला वाटतं, निम्म्याहून जास्त गाड्यांना मग रिमॅपची गरजच उरणार नाही.

सगळ्यात घातक काम म्हणजे साक्षीदारालाच गप्प करणं. फोक्सवॅगनने हेच केलं होतं. गाडी चाचणीच्या रोलरवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवायचं. पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने भारतातल्या गाड्या तपासल्यावर कंपनीने डिसेंबर 2015 मध्ये 3,23,700 गाड्या परत बोलावल्या. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च 2019 मध्ये 500 कोटींचा दंड केला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने सक्तीची कारवाई थांबवली. छोट्या गॅरेजमध्ये ईजीआर आणि डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, ‘ऑफ’ करून मिळतात, त्याची जात हीच आहे. डिझेल गाडीच्या पीयूसीत धुराची घनताच मोजतात, ईजीआर आवरतो तो नायट्रोजन ऑक्साइड नाही; म्हणून ईजीआर बंद केलेली गाडी पास होऊ शकते आणि तो वायू बाजारपेठेत, शाळेच्या दारात सोडत फिरते.

डीपीएफची काजळी किती साठली हेही ईसीएमला दिसत नाही. फिल्टरच्या पुढच्या-मागच्या दाबातला फरक मोजणारा एक सेन्सर आहे, त्याला रबराच्या बारीक नळ्या जातात. नळी तडकली की काजळीचा अंदाज चुकतो, वेळी-अवेळी साफसफाई सुरू होते, दिवा लागतो. फिल्टर कायमचा बंद करून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला मेकॅनिकने आधी गाडीखाली वाकून ती नळी दाखवावी.