शेवटचा ग्योझा



जपानमधल्या एखाद्या मॉलचं फूड कोर्ट डोळ्यांसमोर आणा. मित्रमंडळी जमलीत. प्रत्येकाचा काउंटर वेगळा. पैसे दिले की हातात एक छोटं यंत्र मिळतं. ते वाजलं की उठायचं, आपला ट्रे आणायचा. साहजिकच सगळ्यांचं जेवण एकदम येत नाही. एकाचा रामेन समोर वाफाळतोय, दुसऱ्याचं यंत्र अजून गप्पच.

रामेनच्या शेवया कुणासाठी थांबत नाहीत, फुगतात. तरी तो आधी शेजाऱ्याकडे पाहतो. मित्रच म्हणतात, "अरे, कर सुरू." मग तो त्यांची परवानगी घेऊन पहिला घास घेतो. थांबण्याइतकंच मोल त्या "कर सुरू"लाही आहे. आपल्या पंगतीत यजमान "सावकाश होऊ द्या" म्हणतात, तसंच.

मधल्या ताटलीत खरपूस ग्योझा, म्हणजे सारण भरलेल्या छोट्या करंज्या, असतात. जेवायच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास द्यायचा नाही. कारण तिथे दहनानंतर अस्थी तशा देतात. ताटलीच पुढे सरकवायची. शेवटी एक ग्योझा उरतो. हवा सगळ्यांना असतो, हात कुणाचाच जात नाही. पुन्हा तेच, आधी शेजाऱ्याकडे पाहायचं! मला विचाराल तर हा संकोच जरा अतिच. कुणीतरी हसत तो उचलावा. मागे राहणं हे सौजन्य आहे, तसं इतरांना अवघडलेपणातून सोडवणंही सौजन्यच.

जेवण झालं की ट्रे स्वतः परत न्यायचा. टेबल पुसायला बहुधा फडकंही ठेवलेलं असतं. कुणी सांगत नाही, तरी लोक पुसतात. मागून येणाऱ्यांची ओळख नसते, पण भूक तीच असते.