नोंद कुणाच्या हाती?

गडचिरोली, मेळघाट किंवा नंदुरबारकडे निघालेल्या तरुणांविषयी आपल्याकडे दोन सुरांत बोललं जातं. एक कौतुकाचा: एवढी शिकलेली पोरं शहर सोडून आडरानात जातात, केवढा हा त्याग! दुसरा संशयाचा: वर्षभर फिरतील, फोटो काढतील आणि त्या अनुभवावर परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळवतील. दोन्ही सुरांत चर्चा होते ती जाणाऱ्याच्या मनाची. ज्या गावात ही मुलं जातात, त्या गावाकडे वर्षअखेरीस काय उरतं, हे क्वचितच कुणी विचारतं. आरोग्यातल्या समतेसाठी एखाद्या तरुणाची बांधिलकी किती खरी, हे जोखायचं तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

वेल्समधल्या कोळसा खाणींच्या परिसरात डॉक्टरकी करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट'मध्ये एक नियम मांडला होता. वैद्यकीय सेवेची गरज जिथे जास्त, तिथे चांगली सेवा कमी मिळते आणि ही सेवा जितकी बाजाराच्या हाती जाते तितका हा नियम कडक होतो. आपल्याला तो पुस्तकातून शिकावा लागत नाही. पुण्या-मुंबईच्या एकेका रस्त्यावर तज्ज्ञ डॉक्टरांच्या पाट्यांची दाटी असते आणि पावसाळ्यात भामरागडच्या आतल्या गावातून अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून नाला ओलांडावा लागतो. ही तफावत कुणा एकाच्या दुष्टाव्यातून आलेली नाही. रस्ता कुठवर न्यायचा, रिक्त पद कधी भरायचं, औषधं आधी कुठे पोचवायची, अशा असंख्य निर्णयांची ती बेरीज आहे. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या दयेने ती मिटत नाही. शिवाय ती बरीचशी कागदावर येतच नाही, म्हणून निर्धास्त टिकून राहते.

घरी जन्मलेलं आणि चौथ्या दिवशी गेलेलं मूल सरकारी दप्तरात दोनदा हरवतं. जन्म नोंदलेला नसतो, म्हणून मृत्यूही नसतो. ते शोधायचं तर त्या घरी जाऊन बसावं लागतं. गडचिरोलीत हे काम करणारी मूळची लातूरकडची एक मुलगी माझ्या परिचयाची आहे. ती सांगते, तारीख विचारून काही हाती लागत नाही. मोहफुलं वेचायचे दिवस होते की धानाची रोवणी चालली होती, असं विचारलं की महिना कळतो. मग एकेक प्रश्न. बाळ जन्मल्यावर रडलं का? दूध ओढत होतं की मधेच सोडलं? अंग तापलं होतं की गार पडलं होतं? श्वास घेताना छातीखाली खड्डा पडत होता का? गावातली आशा कार्यकर्ती हे माडिया बोलीत विचारते. उत्तरं आजी देते, आई गप्प असते.

'दवाखान्यात का नेलं नाही?' हा प्रश्न ती आता विचारत नाही. त्यात आरोप असतो आणि आरोपाला लोक सोयीचं उत्तर देतात. त्याऐवजी ती विचारते, 'नेलं असतं तर घरी कोण राहिलं असतं?' मग धाकटं पोर निघतं, शेळ्या निघतात, बुडणारी मजुरी निघते. ज्या रकान्यात आधी 'अंधश्रद्धा' लिहून लोक मोकळे होत, तिथे खरं कारण येतं. आदिवासी भागात कुपोषित मुलासोबत दवाखान्यात राहणाऱ्या पालकाला बुडीत मजुरी देण्याची तरतूद शासनाने केलेली आहे, म्हणजे हे कारण शासनालाही ठाऊक आहे. ती मजुरी वेळेवर हातात पडली का, हे तपासणारं माणूस मात्र गावात असावं लागतं.

नोंदीचं बळ महाराष्ट्राने पाहिलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग आढळला आणि अशी तपासणी पूर्वी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. तोवर ग्रामीण बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढीच सरकारी समज होती. पुढे २००१ साली 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिलं, की राज्यात प्रत्यक्ष होणारे बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. त्यानंतर आकडे नाकारणं अवघड झालं.

यावर एक आक्षेप निघतो आणि तो गंभीर आहे. मोजल्याने पोट भरत नाही, ताप उतरत नाही. वस्त्यांवरचे लोक सर्वेक्षणांना विटलेले असतात. 'मागच्या वर्षीही असंच लिहून नेलं, पुढं काय झालं?' हा सवाल कुठल्याही पाड्यावर ऐकू येतो. गावाचं दुःख शहरात न्यायचं, त्यावर प्रबंध लिहायचा, पदवी घ्यायची आणि गावाला त्यातलं अक्षरही कळू द्यायचं नाही, ही लूटच आहे. जंगलातून लाकूड आणि बांबू नेले, तशी माहितीही नेली. म्हणून नुसत्या मोजण्यात समता नाही. मोजणीचं साधन आणि निष्कर्ष कुणाच्या हाती राहतात, यावर सगळं ठरतं.

याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण लाकडाचं आहे. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर एका मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. पण गावातल्या कित्येक सुइणींना दहा-बारापुढे मोजता येत नव्हतं. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने त्यांच्यासाठी लाकडी श्वासमापक बनवला: मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मण्यांची ओळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजून उपचार सुरू करायचे. ज्या बाईला अडाणी म्हणून खोलीबाहेर उभं केलं गेलं असतं, तिच्या हाती निदान आलं. त्याच वाटेने पुढे गावातल्याच स्त्रिया नवजात बाळांची घरोघरी काळजी घेऊ लागल्या. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ही सेवा मिळालेल्या ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, ६२ टक्क्यांनी कमी झाला. २०११ साली केंद्र सरकारने आशांमार्फत अशी घरपोच सेवा देशभर सुरू केली.

आणि इथेच आपल्या कौतुकाचं पितळ उघडं पडतं. महाराष्ट्रात सुमारे ७० हजार आशा आहेत. शासनाच्या लेखी त्या कर्मचारी नाहीत, स्वयंसेविका आहेत. म्हणून पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला. तो वाढावा आणि वेळेवर मिळावा यासाठी त्यांना मुंबईच्या आझाद मैदानात ठिय्या द्यावा लागला. शहरातून आलेल्या तरुणाच्या एका वर्षाचा सत्कार होतो, वर्तमानपत्रात चौकट येते. त्याच्यासोबत दारोदार फिरून दुभाषाचं काम करणारी बाई दहा-पंधरा वर्षं तेच काम करत असते आणि अहवालात तिचा उल्लेख 'स्थानिक सहकार्य' एवढाच. एकाच कामाच्या दोन किमती ठरवणारी मांडणी समतेच्या नावाने चालवता येत नाही. तरुणाची बांधिलकी खरी असेल तर त्याने पहिला आग्रह तिच्या मोबदल्याचा आणि तिच्या नावाचा धरायला हवा.

मग त्याने स्वतः करायचं काय? 'सर्च'च्या 'निर्माण' उपक्रमातून २००६ पासून हा प्रश्न घेऊन तरुण येत आहेत, म्हणजे तो नवा नाही. माझं उत्तर फारसं रोमांचक नाही. शिकलेल्या तरुणाकडे गावाकडे नसलेली एक गोष्ट असते: त्याला कागदाची भीती वाटत नाही. शासन निर्णय कुठे सापडतो, अर्जाची पोच कशी घ्यायची, उपकेंद्रातल्या औषधांच्या साठ्याची नोंदवही कशी वाचायची, हे त्याला येतं किंवा चटकन शिकता येतं. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावच्या आरोग्य समितीसाठी वर्षाला दहा हजार रुपयांच्या निधीची तरतूद झाली. तो आला का आणि कशावर गेला, हे समितीतल्या किती बायकांना ठाऊक असतं? हे ज्ञान वाटून टाकणं हेच त्याचं काम. त्यात जीव वाचवल्याचा थरार नाही आणि कुणी पाया पडत नाही. उलट चार अधिकारी नाराज होतात, गावातला कंत्राटदार डोळे वटारतो.

म्हणून वर्षअखेरीची कसोटी सोपी ठेवावी. किती रुग्ण तपासले, किती शिबिरं झाली, हे आकडे संस्थेच्या अहवालासाठी असू द्यावेत. गावापुरता प्रश्न एवढाच: तिथली एखादी बाई आपल्याच वहीतले जन्म-मृत्यू ग्रामसभेत वाचून दाखवते का, आणि औषधं का संपली हे आरोग्य अधिकाऱ्याला उभं राहून विचारते का? विचारत असेल तर तो तरुण पुढे परदेशी गेला काय किंवा गडचिरोलीतच राहिला काय, त्याचं काम झालं. आणि विचारत नसेल, तर तो दहा वर्षं तिथे राहिला तरी गावाची एका परक्यावरची भिस्त तेवढी वाढवून ठेवली, असंच म्हणावं लागेल.