भक्ताच्या सुखात देवाचे सुख

देव कशाने प्रसन्न होतो? या प्रश्नाचे एक फार जुने उत्तर यज्ञात आहे. माणसाने देवांना हविर्भाग द्यावा आणि देवांनी पाऊस, धान्य, गोधन, संतती द्यावी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातही देव आणि माणसे यांनी परस्परांचे पोषण करावे, असे सांगितले आहे. या कल्पनेत कृतज्ञता आहे, शिस्तही आहे. पण इथे देवाचा संतोष त्याच्या वाट्याला येणाऱ्या भागावर अवलंबून असतो. भाग चुकला की कोप आणि भाग पोचला की कृपा.

त्याच गीतेचा नववा अध्याय वेगळी भाषा बोलतो. अनन्य भावाने जो भजतो त्याचा योगक्षेम मी स्वतः वाहतो, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. देवाने भक्ताचे ओझे उचलण्याची तयारी दाखवली, तरी ते ओझे तो कर्तव्य म्हणून उचलतो की आनंदाने, हे त्या श्लोकात उघड होत नाही. ते उघड केले ज्ञानेश्वरांनी, शके 1212 म्हणजे इ. स. 1290 मध्ये, नेवाशाला.

या जागी ज्ञानेश्वरीत पंख न फुटलेल्या पिलांसाठी जगणारी पक्षीण येते, स्वतःची तहानभूक विसरून तान्ह्याचे हित पाहणारी आई येते. भक्ताचे कुठलेही काम करायला मला लाज वाटत नाही, असे इथे देवच म्हणतो. बाराव्या अध्यायात तर ज्ञानेश्वर मूळ श्लोकांच्या कितीतरी पुढे जातात. विष्णूला चार हात का? पुराणांनी त्या हातांत शंख, चक्र, गदा, पद्म दिले आहे. ज्ञानेश्वरांच्या देवाचे कारण निराळे आहे: भक्ताला कवेत घ्यायला दोन हात पुरेनात, म्हणून त्याने आणखी दोन घेतले. देहावेगळा असूनही त्याने देह धरला, तो भक्ताच्या सहवासाचे सुख मिळावे म्हणून. देवाला भक्ताची ओढ आहे आणि भक्ताचे बरे झाले की त्यालाच बरे वाटते, हा विचार मराठीत इतक्या उघडपणे प्रथम इथे भेटतो.

पुढच्या काही शतकांत संतांनी आणि त्यांच्या चरित्रकारांनी हा विचार घराघरात नेला. नामदेवांच्या घरची दासी जनाबाई पहाटे दळायला बसते आणि विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो. तो तिच्याबरोबर शेण्या वेचतो, तिची वेणी घालतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून एक जाते दाखवतात. वारकरी बाया त्याला हात लावून नमस्कार करतात, कारण दळणाचा शीण काय असतो हे त्यांच्या आजी-पणजीने भोगलेले आहे. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन देवाने बारा वर्षे कावडीने रांजणात पाणी भरले, अशी श्रद्धा आहे. तो रांजण आजही आहे आणि नाथषष्ठीच्या दिवसांत भाविक त्यात पाणी ओततात. या कथा इतिहास म्हणून तपासायच्या नाहीत. देवाला कशात आनंद वाटत असावा, याबद्दल या समाजाने काय ठरवले ते त्या सांगतात. दमलेल्या बाईचे दळण हलके व्हावे, यात देवाला आनंद वाटतो, असे या समाजाने ठरवले.

मात्र या विचारात एक धोका आहे आणि तो ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. देवाला भक्ताचे कल्याण आवडते, हे वाक्य उलटे वाचले तर ज्याचे कल्याण झाले तोच देवाचा लाडका ठरतो. मग उपाशी, आजारी, बहिष्कृत माणूस देवाला नकोसा आहे, असे म्हणायला कोण अडवणार?

अस्पृश्य मानल्या गेलेल्या संत चोखोबांचे आयुष्य या उलट्या वाचनाला दिलेले उत्तर आहे. त्यांना पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकता आले नाही. मंगळवेढ्याला बांधकामाच्या वेठीवर असताना भिंत कोसळून ते 1338 मध्ये गेले. ऐहिक अर्थाने त्यांचे कल्याण झाले, असे कोण म्हणेल? तरीही परंपरेने विठ्ठलाला चोखोबांच्या घरी पाठवले. त्यांची पत्नी सोयराबाई हिच्या बाळंतपणाला कुणी नव्हते, तेव्हा देव नणंदेचे रूप घेऊन आला, अशी कथा आहे. देवळाच्या आतली माणसे ज्याची सावली टाळत होती, त्याच्या घरी देव सुईणीचे काम करतो. देवाचा आनंद कोणाच्या बाजूने आहे, हे सांगण्याचा याहून स्पष्ट मार्ग त्या काळात नव्हता. त्याच वेळी ही कथा आपल्याला टोचलीही पाहिजे, कारण देव घरी गेला म्हणून देवळाचे दार उघडले नाही.

मंगळवेढ्याच्याच दामाजीपंतांची कथा हा विचार आणखी पुढे नेते. दुष्काळात त्यांनी बीदरच्या बादशहाच्या धान्याची कोठारे लोकांसाठी खुली केली. शिक्षा अटळ होती. तेव्हा विठ्ठल विठू महार होऊन बीदरला गेला आणि धान्याची किंमत भरून पावती घेऊन आला. ताहराबादच्या महिपतींनी 1762 मध्ये पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त अशा अनेक कथा आहेत. दामाजींच्या कथेत भक्ताची भरभराट कुठेच नाही. भुकेल्यांना घातलेल्या अन्नाचे कर्ज देव स्वतःचे मानतो, एवढेच आहे. भक्ताचे हित आणि त्याच्या भोवतीच्या माणसांचे हित इथे एक झाले.

तुकोबांनी 1630 च्या दुष्काळात घरचे माणूस अन्नावाचून जाताना पाहिले. व्यापार बुडाला, पत गेली. यातून देव माझ्यावर रुसला, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. दिवाळे निघाले ते बरेच झाले, त्यामुळे देवाची आठवण टिकली, असे त्यांनी म्हटले. घराण्याच्या सावकारीतली आपल्या वाट्याची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे त्यांचे चरित्र सांगते. आपल्या दुःखाला त्यांनी देवाची कृपा म्हटले, पण ऋणकोंचे दुःख मात्र कृपा म्हणून तसेच ठेवले नाही. स्वतःच्या हालांत देव शोधावा आणि दुसऱ्याचे हाल कमी करावेत, ही या विचाराची पक्व अवस्था आहे.

बायबलच्या 35 व्या स्तोत्रातही आपल्या सेवकाच्या कल्याणात आनंद मानणाऱ्या परमेश्वराची स्तुती आहे. त्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांतून शेकडो मुली-बायका केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणल्या. धर्म वेगळा असला तरी देवाच्या आनंदावरच्या श्रद्धेतून निघालेले काम एकच होते.

विसाव्या शतकात या विचाराने कथेबाहेर येऊन कृती मागितली. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात 10 दिवस उपोषण केले, तेव्हा विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले करण्याचा मार्ग मोकळा झाला. चोखोबांना नाकारलेला उंबरठा ओलांडायला सहा शतके लागली. गाडगेबाबा तर देवळात जाण्यापेक्षा पंढरपूरचे रस्ते झाडत. त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, गरीब मुलांना शिक्षण यालाच देवपूजा म्हटले. यज्ञात देवासाठी वेगळा काढलेला भाग आता माणसाच्या पानात वाढला गेला.

आज आपण पुन्हा जुन्या व्यवहाराकडे वळतो आहोत, असे मला मनापासून वाटते. नवस फेडताना आकडे मोठे होतात, पैसे भरून दर्शनाची रांग चुकवता येते, आणि घर, गाडी, बढती मिळाली की ती देवाच्या मर्जीची खूण म्हणून सांगितली जाते. सुख मागण्यात गैर काही नाही. 'पसायदाना'त ज्ञानेश्वरांनीही, ज्याला जे हवे ते त्याला मिळो, असे मागितले. पण ते मागणे प्राणिमात्रासाठी होते, आणि ग्रंथ संपवणाऱ्या कवीने स्वतःसाठी त्यात वेगळे काही ठेवले नाही.

म्हणून वाचकांना एकच विनंती. यंदाच्या वारीला, उत्सवाला, नवसाला जे काही खर्च करणार असाल, त्यातला एक वाटा ज्याचे दळण अजून कुणी हलके केलेले नाही अशा माणसासाठी काढा: घरकामाला येणाऱ्या बाईच्या मुलीची फी, शेजारच्या आजोबांचे औषध, वाटेवरच्या वारकऱ्याच्या पायाला मलमपट्टी. देव भक्ताच्या सुखाने सुखावतो, असे आपण सातशे वर्षे म्हणत आलो आहोत. ते खरे मानत असू, तर कुणाचे तरी सुख वाढवणे हीच त्याची पूजा आहे.